वाळूच्या दोन पुड्या

पऱ्हाटीची बोंडं उकलायला लागली की मला समुद्र आठवतो. वर्ध्याकडच्या माणसानं लिहावं असं हे वाक्य नाही, हे मलाही कळतं. आमच्या गावातून कोणत्याही दिशेला निघालं तरी समुद्र दिसायला तेव्हा दोन-तीन दिवस लागत. पण माझ्या आयुष्यात कापूस आणि समुद्र एकाच हंगामात आले, आणि तेव्हापासून मला ते वेगळे करता आलेले नाहीत. यंदाही खिडकीसमोरचं वावर पांढरं होऊ लागलं, वेचणाऱ्या बायांच्या ओट्या फुगू लागल्या, आणि त्याच आठवड्यात सुजाता माझ्याकडे समुद्रकिनारे घेऊन आली.

सुजाता म्हणजे माझा मित्र सुखदेव याची नात. नागपूरला बँकेत असते. सुट्टीत मैत्रिणींबरोबर कोकणात जाते आहे. तिथं आता लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं राहायला शिकवतात म्हणे. तिनं फोन माझ्या चष्म्यासमोर धरला आणि बोटानं एकेक किनारा सरकवू लागली.

"आबा, सांगा ना, कोणता पसंत करू? इथं लाटा मस्त आहेत पण खायचे वांधे. इथं खायले भेटते पण गर्दी लय. अन् हा पाहा, इथली वाळू काळी आहे, पण शिकणारे सगळे इथंच जाऊन राह्यले."

मी काळ्या वाळूवर थांबलो. गावाचं नाव तिनं वाचून दाखवायच्या आधीच मला ठाऊक होतं.

"आमच्या घरातून समुद्रावर जाणारी मीच पहिली," ती हसत म्हणाली. "आजोबा तं पाण्याले भेत होते ना."

ती हे हसून म्हणाली. आमचं गाव आणि सुखदेवचं आंजी, दोन्हीकडे लोक हे हसूनच म्हणतात. सुखदेव गुरुजी पाण्याला भीत. बोटीचं नाव काढताच त्यांना घाम फुटला. सुखदेवला जाऊन वीस वर्षं झाली, गोष्ट मात्र अजून धडधाकट आहे.

ती गोष्ट माझी आहे. मी रचलेली. आणि ती खोटी आहे.

छप्पन्न सालच्या दसऱ्याला सुखदेव नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन परतला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत आमचा अख्खा जिल्हाच एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात ठेवला गेला. सुखदेव म्हणायचा, "वसंता, या दसऱ्या-दिवाळीत जे हललं नाई, ते आता कधीच हलत नाई." आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर होतो. मी गावातच राहायचो. तो आंजीला राहायचा, सायकलवर दोन कोस यायचा, आणि पोस्ट आंजीलाच असल्यामुळे शाळेचं आणि अर्ध्या गावाचं टपाल त्याच्या पिशवीतून यायचं.

पुढच्या पावसाळ्यात शाळेला राज्याचा नवा नकाशा मिळाला. जुन्या नकाशात आमच्या राज्याला चारी बाजूंनी जमीन होती. पाणी म्हणजे नद्यांच्या बारीक रेघा. नव्या नकाशाला डाव्या हाताला वरपासून खालपर्यंत निळी कड होती. सुखदेवनं तो भिंतीवर लावला आणि बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिला. तेवढ्यात दौलतभाऊ आले. दौलतभाऊ देवळीच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस पारखायचे. गाडीत हात घालायचा, चिमूट काढायची, दोन अंगठ्यांत धरून ताणायची आणि धाग्याची लांबी सांगायची. त्यांच्या शब्दावर गाड्या आत जात किंवा परत फिरत.

"हे निळं काय होय मास्तर?"

"समुद्र," सुखदेव म्हणाला. "आता आपल्या राज्यातला."

"म्हणजे आपला?"

"आपलाच."

"अन् गावात कोणी पाह्यला?"

"कोणीच नाई."

दौलतभाऊंनी पागोटं सारखं केलं. "मंग हे तं असं झालं, वावर घेतलं अन् बांधावर पाय नाई ठेवला. जाऊन याव लागते बापा."

असं ते सुरू झालं. निळ्या कडेला बारीक अक्षरांत गावांची नावं होती. त्यातली नऊ आम्ही निवडली आणि 'शाळामास्तर, मुक्काम पोस्ट अमुक' अशा पत्त्यावर पत्रं लिहिली. म्हणजे लिहिली सुखदेवनं. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं. खाली सही दोघांची. पत्रात प्रश्न होते आणि ते गावानं दिले होते, कारण बातमी चार दिवसांत वावरावावरांत पोचली होती. समुद्र रोज मागे जातो, तर त्याची जायची वेळ ठरलेली असते का? मासोळीला तहान लागते का? पावसाळ्यात समुद्राला पूर येतो का? वेचणी करणाऱ्या एका बाईनं कमरेची ओटी तशीच धरून शाळेच्या दारात उभं राहून विचारलं होतं, "समुद्राच्या पल्याड कोणाचं वावर आहे, थे विचारजा." सुखदेवनं तो प्रश्न जसाच्या तसा लिहिला. तो स्वतःचा प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी लिहायचा: लाट नेमकी कुठून सुरू होते?

त्याला पाण्याचं भय नव्हतं. उलटच. धाम नदीला पूर आला की काठावर सगळे मागे सरकत आणि हा अंगरखा काढायला लागे. एकदा कोणाच्या घराचं दार वाहत आलं, तर हा त्या दारावर पालथा पडून दोन वळणं पार करून गेला आणि ओलं दार डोक्यावर घेऊन गावात परत आला. "लाकडाले पाणी कुठी न्यायचं थे माहीत असते," म्हणाला, "आपुन फक्त आडवं नाई यायचं." हे पाहणारे लोक होते. तेच लोक पुढे दहा वर्षांनी म्हणू लागले, की नदीचं ठीक आहे, समुद्राचं त्याला भेव वाटे. गावानं कधीतरी ठरवलेल्या गोष्टीला नदीचा पूरही वाहून नेऊ शकत नाही.

पत्रांत नमुना मागवायची कल्पना दौलतभाऊंची. "नुसत्या लिहिण्यावर माल पसंत करते का कोणी? ज्याचा त्याचा समुद्र ज्याले त्याले चांगलाच वाटते. वाळू मांगा."

मग वाळू येऊ लागली. तो हंगाम माझ्या नाकात अजून तसाच आहे. बाहेर बैलगाड्यांतून उडणारा कापूस, शाळेच्या कौलांवर अडकलेले त्याचे पुंजके, आणि आत सुखदेवच्या पिशवीतून निघणाऱ्या पुड्या, ज्यांना एक ओलसर, खारट, आम्हाला अनोळखी वास यायचा. नऊ गावांपैकी सहांनी उत्तरं दिली. कोणी कागदात वाळू पाठवली, कोणी कापडात शिवून. एकानं लिहिलं, समुद्राला वेळापत्रक आहे पण ते रोज थोडं पुढे सरकतं, आमच्या शाळेसारखं. एकानं लिहिलं, मासोळीच्या तहानेबद्दल चौकशी करून कळवतो. ती चौकशी अजून चालू असावी.

या पत्रांमधूनच मला कळलं की समुद्रापाशी फक्त पाणी नसतं. तिथंही शाळा गळते, तिथंही पोरं वेचणीला जावं तशी मासे वाळवायला जातात आणि हजेरी कमी पडते. किनाऱ्याला ते लोक पुळण म्हणतात. सुखदेवनं तो शब्द फळ्यावर लिहून आठवडाभर पुसू दिला नाही.

सहातून दोन उरले. एकाची वाळू पांढरी, पिठासारखी. दुसऱ्याची काळी, भरड, शिंपल्यांचे तुकडे मिसळलेली. काळ्या वाळूबरोबर तिथल्या मास्तरांचं चार पानी पत्र होतं. "आमची पुळण दिसायला चांगली नाही, पण लाट लांबून उभी राहत येते. आमची मुलं जुन्या होडीची फळी छातीखाली घेतात आणि लाटेबरोबर थेट काठाला येतात. जागा लहान आहे. शाळेच्या दोन खोल्या देऊ. जे असेल ते सगळे मिळून खाऊ. आणि येताना जमल्यास कापसाचं एक बोंड फांदीसकट आणावं. आमच्या मुलांनी कापूस पाहिला आहे तो उशीत." सुखदेवनं आमच्या जाण्याची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी चार उकललेली बोंडं काड्यापेटीत बसवून पाठवूनही दिली.

निवड शाळेच्या ओसरीवर झाली. दौलतभाऊंनी पांढरी वाळू चिमटीत घेतली, दोन अंगठ्यांत धरली आणि सवयीनं ताणली. वाळू ताणली जात नाही हे त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर दहा जण बघत होते, तेव्हा त्यांनी दोनदा ताणून मान हलवली.

"एक नंबर. हाताले लागते का पाहा. अन् हे काळं? कवडी आहे कवडी."

डाग पडलेला, पालापाचोळा चिकटलेला कापूस म्हणजे कवडी. जिनात ती वेगळ्या ढिगात टाकतात.

"भाऊ," सुखदेव म्हणाला, "आपुन वाळूची गादी भराले चाललो का? लाट पाहाले चाललो ना?"

सगळे हसले. दौलतभाऊही हसले, पण पारख्याचा शब्द पडला होता. पांढरी वाळू ठरली. सुखदेवनं काळी पुडी पुन्हा बांधली आणि माझ्याकडे दिली. "ठेव. लाट तं थितीही असनच."

आज इतक्या वर्षांनी वाटतं, की दौलतभाऊंनी कापसाचं जे कळतं ते वाळूला लावलं, एवढीच ती चूक. ती निर्मळ चूक होती. माझी तशी नव्हती.

परीक्षा संपल्या. वैशाखात निघायचं ठरलं: वर्ध्याहून रेल्वेनं मुंबई, तिथून बोट. आम्ही अकरा जण होतो. निघायला आठ दिवस असताना पांढऱ्या वाळूच्या गावाहून पत्र आलं. त्या गावाचं नाव मी घेत नाही. तशी पत्रं तेव्हा कोणत्याही गावाहून येऊ शकली असती, आमच्याही. सुखदेवनं नेहमीप्रमाणे पिशवीतून टपाल काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि निकालाच्या कामाला लागला. पत्रात लिहिलं होतं, की मंडळींची उतरण्याची सोय देवळाच्या धर्मशाळेत केली आहे. विहीर आणि पंगत एकच असल्यानं मंडळींत कोण कोणत्या ज्ञातीचे आहेत ते उलट टपाली कळवावं. नव्या धर्मात गेलेलं कोणी असल्यास त्यांची सोय होणार नाही, क्षमस्व.

मला काय करायचं होतं ते सोपं होतं. ओसरीवर बसून पत्र वाचायचं आणि म्हणायचं, चला, काळ्या वाळूकडे. तिथं तर सुखदेवलाच जायचं होतं. बोट तीच, फक्त उतरायचं बंदर वेगळं. एका पत्राचं काम.

मी ते वाचलं नाही. आजवर मी स्वतःला सांगत आलो की लोकांची तयारी झाली होती, बेत मोडला असता. ते खरं नाही. खरं असं की, वाचून दाखवल्यावर त्या नऊ जणांतले किती जण "मग काय झालं, सुखदेव पुढच्या वर्षी येईल" म्हणतील, ते मला कळू द्यायचं नव्हतं. आणि तसं कोणी म्हणालं, तर मी काय म्हणेन, तेही. हे लोक माझे होते. मी त्यांना चांगलं समजत होतो आणि तसंच समजत राहायचं होतं. त्याची किंमत सुखदेवनं दिली.

चार दिवस मी ते पत्र खिशात घेऊन फिरलो. सुखदेव रोज सकाळी विचारी, "काई नवीन?" मी म्हणे, "काई नाई." पाचव्या दिवशी मी दोन ओळींचं उत्तर लिहिलं: दहा जण येत आहोत, अडचणीचं कोणी नाही. ते टाकायला मी स्वतः आंजीला चालत गेलो. पोस्टाच्या दारातच सुखदेव भेटला.

"टपाल मी आणलं असतं ना. उन्हात काऊन आला?"

"इकडं कामच होतं," मी म्हणालो. मग तिथंच, त्या उन्हात, एका दमात सांगून टाकलं, की बोटीत दहाच जागा मिळाल्या आहेत. एक जण कमी करावा लागतो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, तो म्हणेल, टपावर बसतो, मागून येतो, चिठ्ठ्या टाकू.  सायकलची घंटी त्यानं अंगठ्यानं उगाच पुसली.

"बरं," म्हणाला. "लाट कुठून सुरू होते थे नीट पाह्यजो. अन् मले सांगजो."

वर्धा स्टेशनावर दौलतभाऊंनी विचारलं, "सुखदेव मास्तर कुठी राह्यले?" बोटीच्या जागांचं खोटं त्यांच्यापुढे टिकणार नव्हतं, कारण अकरा जागा झाल्या आहेत हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा तोंडाला आलं ते बोललो.

"त्याले पाण्याचं भेव वाटते. बोटीचं नाव काढलं अन् घाम फुटला."

"अरे बाप्पा! पुराचा वाघ अन् समुद्राले भेला!" सगळे इतके हसले की गाडी आलेली कळली नाही.

समुद्र मी पाहिला. धर्मशाळेच्या दारात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "सगळे पंगतीला चालणारेच ना?" मी "हो" म्हणालो. त्यानंतर जे काही पाहिलं ते त्या एका शब्दाच्या आडून पाहिलं. वाळू खरंच पिठासारखी होती. दौलतभाऊ अनवाणी चालले, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकले आणि म्हणाले, "एवढं पाणी, अन् बैलाले पाजाले कामाचं नाई." मग हळूच म्हणाले, "मास्तर, पल्याडचं वावर काई दिसत नाई." कोणीही फळीवर नव्हतं. लाटा येत होत्या. त्या कुठून सुरू होत होत्या ते मी पाहिलं नाही. मला त्या दिशेला बघवत नव्हतं.

परत आल्यावर सुखदेवला मी बाटलीभर समुद्र दिला. त्यानं तो वर्गाच्या खिडकीत ठेवला. शाळा उघडल्यावर पोरांनी बोट बुडवून चाखला. पुढच्या उन्हाळ्याअखेर बाटलीत फक्त पांढरी कड उरली.

"लाट कुठून सुरू होते?" त्यानं विचारलं.

"दुरून."

"दुरून म्हणजे कुठून?"

 त्यानं पुन्हा विचारलं नाही. आम्ही पुढे तीस वर्षं एकाच शाळेत, मग एकाच पारावर बसलो. लोक त्याला पाण्यावरून चिडवत, तो हसे. एकदाही म्हणाला नाही, की असं काही नव्हतं. मी त्याच्या हसण्याला माफी समजलो. आपल्याला सोयीचं तेच आपण समजतो.

हे सगळं मी सुजाताला सांगितलं. तिच्या हातातला फोन केव्हाच काळा झाला होता. मी उठून ट्रंक उघडली, तळातून दोन पुड्या काढल्या, दोन्हीकडची पत्रंही काढली.  तिनं चार पानी पत्र वाचलं, फळीवरच्या पोरांपाशी थांबली. मग दुसरं हातात घेतलं, वाचलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"आबा, हे तं कार्ड आहे."

"हो."

"उघडं." ती माझ्याकडे पाहू लागली. "अन् टपाल कोण आणत होतं म्हणता?"

खिडकीबाहेर बाया वेचत होत्या. एकीनं दुसरीला काहीतरी ओरडून सांगितलं, ते ऐकू आलं. ते कार्ड साठ वर्षांहून अधिक काळ माझ्या ट्रंकेत होतं. कितीदा काढून पाहिलं असेन. उघड्या कार्डाची एक बाजू पत्ता आणि दुसरी बाजू मजकूर, आणि ते आंजीपासून आमच्या गावापर्यंत दोन कोस त्याच्या पिशवीत आलं होतं, ही गोष्ट मला सुचली नाही. की मी सुचू दिली नाही?

म्हणजे त्यानं ते वाचून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. चार दिवस "काई नवीन?" असं तो टपालाबद्दल विचारत नव्हता. माझ्याबद्दल विचारत होता. आणि पोस्टाच्या दारात ते "बरं" जे होतं, ते जागेबद्दल नव्हतं.

"मले काऊन सांगता आता?" सुजाता म्हणाली. तिचा आवाज वर गेला नाही. "मी तं काई हसली नाई स्टेशनावर. जे हसले त्याईले सांगा."

"ते कोणी उरले नाहीत."

"त्याईची लेकरं आहेत. नातवंडं आहेत. परवा किराणा दुकानात मलेच म्हणे, जाऊन राह्यली तं आजोबासारखी भेऊ नको." ती उठली. "आबा, तुमाले लिहिता येते ना? लिहा."

म्हणून हे लिहिलं आहे. हे आमच्याकडचे लोक वाचतील, आणि ज्यांना वाचता येणार नाही त्यांना कोणी वाचून दाखवील, या हिशेबानं साधं लिहिलं आहे. सुखदेव पाण्याला भीत नव्हता. त्याला समुद्रावर यायचं होतं. सगळ्यांपेक्षा जास्त त्यालाच यायचं होतं. तो आला नाही, कारण मी त्याला येऊ दिलं नाही. भीती वाटली ती मला, आणि ती पाण्याची नव्हती.

जाताना सुजातानं काळी पुडी उचलली. पांढरी तिथंच ठेवली. मी विचारलं, "काळी वाळूच ठरली का?"

"ते तं आजोबानं कधीच ठरवलं होतं."

दारापर्यंत गेली आणि वळली. मला वाटलं, आता काही मऊ बोलेल. वय झालं की माणूस त्याचीच वाट पाहतो.

"लाट कुठून सुरू होते ते मी पाहीन," ती म्हणाली. "तुमच्यासाठी नाई. आल्यावर गावात सगळ्याईसमोर सांगीन. तुमाले ऐकायचं असन तं येऊन बसजा."

मी जाणार आहे. मागच्या बाजूला बसेन.